अनंत चतुर्दशीला निघालं, कार्तिकी एकादशीला पोचलं

आधी निकाल, मग रामायण. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या आणि गोष्टीच्या खेळाचं २०२४ चं नियमांचं पुस्तक, ‘प्लेअर्स हँडबुक’, चांगलं आहे, एका टेबलामागे एक प्रत घ्या. आगाऊ बुकिंग करू नका. ‘डंजन मास्टर्स गाइड’ फक्त खेळ चालवणाऱ्यानं घ्यावं. आणि राक्षसांचं पुस्तक, ‘मॉन्स्टर मॅन्युअल’, हातात येईपर्यंत चालू असलेला खेळ नव्या नियमांवर नेऊ नये. आम्ही नेला आणि पाच महिने भोगलं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. सोमवार ते शनिवार व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गो-नो गो गेज. रविवारी दुपारी टिळकवाडीतल्या घरी जेवणाचं टेबल भिंतीपासून पुढं ओढते आणि आम्ही पाचजण फासे टाकत बसतो. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि ठरवलेलं जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत हा काढला, तेव्हा पहिल्या फक्त १,००० प्रती होत्या आणि त्याही हातानं जुळवून डब्यात भरलेल्या. आमच्या आईच्या भाषेत हा ‘तुमचा सोंगांचा खेळ’. पुस्तकात ‘शॉर्ट रेस्ट’ म्हणतात त्याला आम्ही ‘चहा’ म्हणतो आणि ‘लाँग रेस्ट’ला ‘मुक्काम’.

खेळ मी चालवते. खेळणारे चौघे. भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्याचं पात्र रेंजर, रानातला शिकारी. खानापूरचा मास्तर, हायस्कूलला विज्ञान शिकवतो, त्याचा क्लेरिक, जखमा बऱ्या करणारा पुजारी. कॅम्पातला एक मेडिकलवाला, दुपारी दुकान बंद असतं म्हणून येतो, त्याचा विझर्ड, म्हणजे जादूगार. आणि आमच्याच शॉपमधला सीएनसीवाला. तो बैलहोंगलकडचा, घरी कन्नड, टेबलावर मराठी, चिडला की दोन्ही. त्याचा फायटर, म्हणजे लढवय्या, हातात घण घेऊन फिरतो. गोष्ट घडते ती आमच्याच मुलखात. मलप्रभा आहे, भीमगडचं रान आहे, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा आहेत. त्या गुहांतली वटवाघळं खऱ्या जगातही दुर्मिळ म्हणून प्रसिद्ध आहेत. आमच्या गोष्टीत ती बोलतात, एवढाच फरक.

नवं पुस्तक येणार हे खेळ काढणाऱ्या कंपनीनं ऑगस्ट २०२२ मध्येच सांगून टाकलं होतं. त्यानंतर चाचणीचे नियम टप्प्याटप्प्यानं लोकांपुढं टाकले, खेळून बघा, कळवा म्हणाले. म्हणजे दोन वर्षं आम्ही न आलेल्या पुस्तकावर खेळत होतो. मग ऑगस्ट २०२४ मध्ये इंडियानापोलिसच्या जेन कॉन मेळ्यात काही प्रती विकल्या, ३ सप्टेंबरला तिकडच्या निवडक दुकानांत आलं, आणि बाकीच्यांसाठी तारीख होती १७ सप्टेंबर. एकच पुस्तक, तीन तारखा. तिकडचे लोक ऑगस्टपासून व्हिडिओत पानं उलटून दाखवत होते आणि आम्ही इकडं ते थांबवून, झूम करून, स्क्रीनशॉट काढून वाचत होतो. भाच्याचा रोज सकाळी मेसेज, “पुस्तक आलं काय गं आत्त्या?” सीएनसीवाल्याचं एकच उत्तर, “बरतैती, बरतैती.” म्हणजे येतंय, येतंय. पुढं पुढं तो शब्द आमच्या टेबलावर कशालाही चालायला लागला. बस, पगार, पाऊस, सगळं बरतैती.

१७ सप्टेंबर २०२४ ला अनंत चतुर्दशी होती. बेळगावची विसर्जन मिरवणूक ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको, ती दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी संपत नाही. हुतात्मा चौकात ढोल-ताशाच्या मधोमध उभा राहून भाचा मोबाइल कानाला नव्हे, डोळ्याला लावून बघत होता. ‘डिस्पॅच्ड’ असं आलं होतं. “निघालं, आत्त्या!” तो ओरडला. मला वाटलं गणपती निघाला.

कुठल्या साइटवरून घेतलं ते लिहीत नाही. पुढच्या वेळी त्यांच्याकडूनच घ्यावं लागलं तर पंचाईत नको. पण काय झालं ते लिहिते, कारण सीमाभागातल्या कुणाच्याही पार्सलचं होऊ शकतं. पत्त्यात मी ‘बेलगाम’ लिहिलं होतं, जुनी सवय. त्यांच्या यादीत शहराचं नाव ‘बेलगावी’. कुरिअरच्या लेबलावर तिसरंच स्पेलिंग. पार्सल हुबळीपर्यंत आलं, पत्ता जुळत नाही म्हणून परत गेलं, पुन्हा हुबळीला आलं, तिथं अकरा दिवस बसलं. फोन लावला की एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणायची, “मॅम, आपला एरिया सर्व्हिसेबल दिसत नाहीये.” अहो, एरियात विमानतळ आहे. माझ्याकडं याच पुस्तकाची २०१४ ची आवृत्ती आहे. ती ऑगस्ट २०१४ ची, आणि आमच्या शहराचं इंग्रजी नाव सरकारी कागदावर बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला. म्हणजे जुनं पुस्तक बेलगामचं, नवं बेलगावीचं, आणि दोन्ही ठेवायचं कपाट बेळगावातलं.

तर हे वाट बघण्याचे आठ आठवडे. नुसती वाट बघितली असती तर बिघडलं नसतं. आमचा धीर सुटला आणि आम्ही ऐकीव नियमांवर खेळायला लागलो.

ऑक्टोबरातला एक रविवार सांगते. मलप्रभेला पूर, पलीकडं चोर पळालेले. भाचा म्हणाला, मी उडी मारतो. कुठं? नदीवरून. मी म्हटलं टाक फासा. नेमके वीस पडले. “वीस पडलं म्हणजे झालंच, आता नियम तसाच आहे,” तो म्हणाला. मास्तर शांतपणे म्हणाला, “पाण्याला माहीत नाही तुझं वीस पडलंय ते.” यावर पाऊण तास भांडण. दोघांचीही चूक नव्हती. ‘कुठल्याही प्रयत्नाला वीस पडलं की यश’ हा नियम २०२२ च्या पहिल्या चाचणीत खरंच होता, नंतर काढून टाकला. भाच्यानं तो दोन वर्षांपूर्वी वाचला आणि डोक्यात तसाच ठेवला. मेडिकलवाल्यानं भलत्याच व्हिडिओत भलतंच ऐकलेलं. सीएनसीवाल्याला फक्त त्याच्या घणाचा नवा नियम पाठ. टेबल एक, खेळ चार.

शॉपमध्ये ह्याला आम्ही तोंडी रिव्हिजन म्हणतो. गिऱ्हाइकाचा माणूस सुपरवायझरला फोन करतो, “बोअर (भोकाचा व्यास) दोन दशांशानं वाढवा, ड्रॉइंग मागनं पाठवतो.” इकडं दोनशे जॉब काढून होतात आणि महिन्यानं जे ड्रॉइंग येतं त्यात बोअर तोच असतो, बदललेली असते खोली. असा माल माझ्या टेबलावर आला की मी त्याला लाल रंग लावते. घरच्या टेबलावर मात्र मीच तोंडी रिव्हिजन चालू दिली होती.

१२ नोव्हेंबरला पार्सल आलं. कार्तिकी एकादशी, आईचा उपास, घरात साबुदाण्याचे वडे. आणि योगायोग बघा, त्याच दिवशी तिकडं दुसरं पुस्तक, ‘डंजन मास्टर्स गाइड’, बाजारात आलं. आम्ही पहिल्याचा खोका फोडत होतो तेव्हा पहिलं जुनंही झालं होतं.

आवक तपासणी सवयीनं केली. वरचा उजवा कोपरा सहा मिलिमीटर चेपलेला, ते पॅकिंगचं पाप, छापणाऱ्याचं नव्हे. ३८४ पानं, जुन्याला ३२० होती. छपाई एकसारखी, रंग कुठं सरकलेला नाही. बांधणीबद्दल लोक काळजी करतात. आमची प्रत दर रविवारी पाच जणांच्या हातात फिरते आणि अजून एकही पान सुटलेलं नाही. विझर्डच्या पानावर वड्याच्या तेलाचा डाग आहे, तो पहिल्याच दिवसाचा, मेडिकलवाल्याच्या बोटाचा. अमेरिकेत छापील किंमत ४९.९९ डॉलर. मला चार हजारांच्या आतबाहेर पडलं. फासे मिळत नाहीत, ते वेगळे घ्यायचे. (माझे फासे मी डिजिटल व्हर्निअरनं मोजलेत. समोरासमोरच्या बाजूंत फरक आहे. सीएनसीवाल्याला सांगितलेलं नाही.)

आता आतला माल. सगळ्यात मोठी सुधारणा चित्रांत नाही, क्रमात आहे. जुन्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणापासून पात्र बनवायला बसवायचे; खेळायचं कसं ते निम्मं पुस्तक झाल्यावर. नव्यात पहिलं प्रकरणच खेळ कसा चालतो याचं, मग पात्र. नवीन माणसाला हे पुस्तक हातात देता येतं. जुनं देताना सोबत मलाही द्यावं लागायचं.

आणि शेवटचा नियमांचा शब्दकोश. प्रत्येक संज्ञा वर्णानुक्रमानं, एका जागी. लपणं म्हणजे नेमकं काय, पकडणं म्हणजे काय, थकवा म्हणजे काय. थकव्याचंच घ्या: जुन्यात सहा पायऱ्या आणि प्रत्येकीचा वेगळा त्रास, मला कधी पाठ झाल्या नाहीत. नव्यात प्रत्येक पायरीला फाशातून दोन वजा आणि वेग पाच फूट कमी, सहाव्या पायरीला माणूस गेला. संपलं. पुस्तक आल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही चहाच्या आधी ऑक्टोबरातली सगळी भांडणं काढली आणि या शब्दकोशावर एकेक मिटवली. आपोआप यश देणारं वीस फक्त हल्ल्याच्या फाशाला. भाच्याला मलप्रभेतून काढून परत अलीकडच्या काठावर आणून ठेवलं, ओला.

औषध पिणं आता वळणातली मुख्य कृती राहिली नाही, जोडीच्या छोट्या ‘बोनस’ कृतीत बसतं. मेडिकलवाला खूश, धंद्याची बाब. जखमा भरणाऱ्या ‘क्युअर वून्ड्स’ मंत्राला पहिल्या पातळीवर आठ बाजूंचा एक फासा होता, आता दोन. त्यामुळं मास्तरचा क्लेरिक पूर्वी मलम लावायचा, आता खरंच बरं करतो. बारा क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, प्रत्येकाच्या चार शाखा, अशा अठ्ठेचाळीस, आणि प्रत्येक शाखेला चित्र आहे. पूर्वी एखादी शाखा कशी दिसते ते मला हातवारे करून सांगावं लागायचं.

शस्त्रांची ‘मास्टरी’ ही नवी गोष्ट. आठ प्रकार. कुठलं शस्त्र नेम चुकला तरी ओरखडा काढतं, कुठलं मागं ढकलतं, कुठलं वेग कमी करतं. घणाचा गुण पाडण्याचा: लागला की समोरच्यानं तग धरायचा फासा टाकायचा, चुकला तर आडवा. लढणाऱ्या पात्रांना पहिल्यांदाच ‘मी मारतो’ यापलीकडं काही करायला मिळालं, हे मान्य. पण सीएनसीवाल्याचा फायटर पाचव्या पातळीला वळणात दोनदा मारतो, म्हणजे दोनदा मला फासा टाकायला लागतो, तो पडला, तो उठला, निम्मा वेग गेला, परत पडला. एका लढाईत एक राक्षस सलग चार वेळा जमिनीवर. मास्तर म्हणाला, “ह्याला आता चटईच द्या.” ज्यांच्या टेबलावर असा खेळाडू आहे त्यांनी फासे टाकायचं काम त्याच्याकडंच सोपवावं. मी सोपवलंय.

रेंजरवर मात्र अन्यायच झालाय. त्याचं निम्मं अंग एका मंत्राला, ‘हंटर्स मार्क’ला, बांधून टाकलंय. वीस पातळ्या चढून शेवटी बक्षीस काय, तर त्या मंत्राचा फासा सहा बाजूंचा होता तो दहा बाजूंचा होतो. भाच्यानं हे वाचलं आणि पुस्तक मिटून आत जाऊन वडा घेऊन आला. त्याहून जास्त प्रतिक्रियेची गरज नव्हती.

पात्राच्या जातकुळीला पूर्वी ‘रेस’ म्हणायचे, आता ‘स्पीशिज’ म्हणतात, दहा आहेत, आणि त्यांत हाफ-एल्फ, हाफ-ऑर्क हे अर्धे माणूस असलेले नाहीत. जुनं पुस्तक असेल तर तिथून घ्या, अशी मुभा आहे. सीएनसीवाल्याचा फायटर हाफ-ऑर्क. त्यानं यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि म्हणाला, “मग आम्ही अर्धेमुर्धे कुठं जायचं, आक्का?” बेळगावात बसून ही यादी वाचताना हसू येणारच. आमच्या टेबलावर निम्मा नसलेला आहे कोण? मास्तर मराठी शाळेत शिकवतो आणि पगाराची स्लिप कन्नडमध्ये वाचतो. जुनं पुस्तक मी कपाटातून परत काढलं, ते त्याच्या एकट्यासाठी.

आता मूळ दुखण्यावर येते. पात्राची पूर्वपीठिका, ‘बॅकग्राउंड’, यांत सोळा दिल्यात, आणि अंगच्या गुणांची वाढ आता त्यावरून ठरते. शेतकरी आहे, खलाशी आहे, व्यापारी आहे. मेडिकलवाल्याला वैदू पाहिजे होता. जवळचा म्हणजे ‘हर्मिट’, वनात एकटा राहणारा, त्याला औषधपाण्याची विद्या येते. तो म्हणाला, “मी साधू कशाला होऊ वो? मला गाव पाहिजे, गिऱ्हाईक पाहिजे, उधारीची वही पाहिजे.” बरोबर होतं त्याचं. स्वतःची पूर्वपीठिका कशी बनवायची? ते दुसऱ्या पुस्तकात. दुसरं पुस्तक कधी? नोव्हेंबरात, म्हणजे आमच्याकडं डिसेंबरात. नव्या पात्रांसमोर किती बळाचे राक्षस उभे करायचे याचा नवा हिशेब? तोही दुसऱ्यात. आणि राक्षस? तिसऱ्यात, १८ फेब्रुवारी २०२५. सरकारी तारखेच्या शिवजयंतीच्या आदल्या दिवशी. (आमची मोठी मिरवणूक वैशाखात, ती वेगळी.)

पार्ट नव्या ड्रॉइंगवर काढायचा आणि तपासायचा जुन्या गेजनं, असला प्रकार. शॉपमध्ये कुणी असं केलं तर त्याला मी मेमो देते. नव्या नियमांची पात्रं जुन्यापेक्षा सरळसरळ तगडी आहेत. जुन्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधला ओगर हा धिप्पाड राक्षस एकोणसाठ प्राणबिंदूंचा. जांबोटीच्या वाटेवर मी दोन ओगर उभे केले होते, दीड तासाची लढाई होईल म्हणून. चौघांनी मिळून पहिला दोन फेऱ्यांत झोपवला, दुसरा पळाला, कारण मी त्याला पळवला. मग मी आकडे मनानं वाढवायला लागले. एका रविवारी जास्त वाढवले आणि मास्तरचा क्लेरिक गेला. तो काही बोलला नाही. संध्याकाळच्या गाडीनं खानापूरला गेला, पुढच्या रविवारी नवं पात्र घेऊन आला, पण माझ्याकडं बघताना त्याच्या चेहऱ्यावर पेपर तपासताना चूक झालेल्या परीक्षकाकडं बघायचा भाव होता.

दुसऱ्या पुस्तकाबद्दल थोडंच. ‘डंजन मास्टर्स गाइड’ही ३८४ पानांचं. जुन्यापेक्षा कितीतरी कामाचं, नवशिक्या चालकाला धरून चालवतं. ग्रेहॉक हा गायगॅक्सचाच जुना प्रदेश तयार मुलूख म्हणून दिलाय, नकाशासकट. आम्ही वापरत नाही, आम्हाला खानापूर तालुका पुरतो. पण ‘बॅस्टियन’चा भाग आमच्या टेबलावर सगळ्यांना लागला: पाचव्या पातळीपासून पात्रांना स्वतःचं ठाणं ठेवता येतं, त्यात खोल्या, कामं, नोकर. आमच्यांनी येळ्ळूरचा राजहंसगड घेतला. सीएनसीवाल्याला लोहारशाळा, मेडिकलवाल्याला औषधी बाग, भाच्याला कुंद्याची भट्टी. शेवटची पुस्तकात नाही, ती मी मंजूर केली. मेडिकलवाल्याचा वैदू अखेर गावात बसला, उधारीसकट.

‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या वेळी मी आगाऊ मागवलं नाही. मार्चात, पुण्याहून येणाऱ्या एका ओळखीच्यांच्या बॅगेतून आणलं. कोपरे चारही शाबूत. पाचशेहून जास्त राक्षस, सगळे वर्णानुक्रमानं, त्यामुळं लाल ड्रॅगन ड्रॅगनांत न शोधता लालात शोधायचा. सवय व्हायला दोन रविवार गेले. पण आकडे बसले. पहिल्याच लढाईत मला मनानं काही वाढवावं लागलं नाही, आणि सीएनसीवाला तीनदा बेशुद्ध पडला. “आता बरोबर आहे,” तो जमिनीवरूनच म्हणाला. तीन पुस्तकांत मला परत विकत घ्यायला सांगितलं तर मी हे आधी घेईन, मग हँडबुक.

ज्यांना चार हजार घालायचे नाहीत त्यांनी एक लक्षात ठेवावं. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीनं नव्या नियमांचा मूळ सांगाडा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे कुणालाही वापरता येईल अशा परवान्यावर, फुकट खुला केला. प्रत्येक क्लासची एकच शाखा आहे, चित्रं नाहीत, पण शब्दकोश आहे, राक्षसही आहेत. खेळ आवडतो की नाही हे बघायला तेवढं पुरतं. आमचं ऑक्टोबरातलं भांडण त्या फायलीवर दहा मिनिटांत मिटलं असतं, फक्त तेव्हा ती नव्हती.

आता भाच्यानं नवीन पेटी दाखवलीय. नवशिक्यांसाठीचा संच, १६ सप्टेंबर २०२५ चा, नाव ‘हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स’. मास्तरनं नाव वाचून चष्मा वर केला. “सीमाभागातले शूरवीर! हे तर आपल्यासाठीच काढलंय की वो.” मागवायचं की नाही यावर मत पडलं, तीन विरुद्ध दोन, मागवायचं. मी विरोधात होते. पत्ता मीच भरला, शहराच्या रकान्यात त्यांच्या यादीतलंच नाव निवडलं आणि पिनकोड ५९०००६ दोनदा तपासला. सीएनसीवाल्यानं विचारलं कधी येणार. बाकी चौघांनी एका सुरात सांगितलं.